निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष : वजन, कंबर आणि मांड्या

नोकरीत असताना जेवणाचं माप डबा ठरवतो. तीन पोळ्या, भाजी, कधी कोशिंबीर. डबा रिकामा झाला की जेवण संपलं. निवृत्तीनंतर डबा फळीवर जातो आणि पोळी तव्यावरून थेट ताटात येते. गरम पोळीला नको म्हणणं अवघड, त्यातून वाढणारं माणूस समोर उभं. अशी एक जादा पोळी, तिच्यावरच्या तुपासकट, सव्वाशे कॅलरींची असते.

त्याच महिन्यात चालणं तुटतं. लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाचं घर ते स्टेशन, पुलाच्या पायऱ्या, स्टेशन ते कचेरी आणि मधल्या सुट्टीतला फेरफटका मिळून दिवसाला चार किलोमीटर सहज होतात. ६५ किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला, बसून राहण्यापेक्षा, साधारण ३५ कॅलरी जास्त लागतात. म्हणजे रोज १४० कॅलरींचा खर्च थांबला आणि सव्वाशेची भर पडली. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. सरळ हिशेबाने वर्षाला बारा किलो वाढायला हवेत. तेवढे वाढत नाहीत, कारण वजन वाढेल तसा शरीराचा खर्चही वाढतो. पण पहिल्याच वर्षात तीन-चार किलो चढलेली माणसं मी कामात असताना सतत पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांनी एकच वाक्य सांगितलं: "मी तर काहीच जास्त खात नाही." ते खरंच सांगत होते. वाढ इतकी बारीक असते की खाणाऱ्याला ती दिसत नाही.

मी सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी निवृत्ती मिळते, आणि नेमकं हेच वय स्नायू झिजण्याचं, बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर पोटाभोवती चरबी साठण्याचं असतं. त्यामुळे आमच्या घरी निवृत्तीची तारीख ठरली तेव्हाच आम्ही दोघांनी काय मोजायचं आणि काय बदलायचं ते ठरवून टाकलं. ते इथे क्रमाने देते.

सुरुवात निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात करा. तेव्हाचे आकडे हाताशी नसले तर पुढे काय बदललं ते कळत नाही. मोजायच्या गोष्टी चार: वजन, कमरेचा घेर, रोजची पावलं आणि मांड्यांची ताकद.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा सतरंजीवर किंवा चटईवर ठेवू नका, आकडा चुकतो. कडक फरशीवरची एक जागा ठरवून ठेवा. आदल्या दिवशी लोणचं-पापड, लग्नाचं जेवण झालं असेल किंवा पोट साफ नसेल तर किलो-दीड किलो सहज जास्त दिसतं. ते पाणी असतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवायचं नाही. आठवड्यात तीन वेळा मोजा, सरासरी काढा, सरासरीला सरासरीशी जोडून पाहा. उंचीही नव्याने मोजा. नोकरीला लागताना सेवापुस्तकात लिहिलेली उंची आता खरी नसते; मणके दबून दोन-तीन सेंटिमीटर कमी झालेली असू शकते. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला २३ म्हणजे ५९ किलो आणि २५ म्हणजे ६४ किलो.

माझ्या मते याहून महत्त्वाची कंबर. टेप बेंबीवर धरण्याची सवय सगळ्यांना असते, पण पोट सुटलं की बेंबी खाली सरकते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध टेप धरायची. साधा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता वाचायचं. टेप मागच्या बाजूने खाली घसरलेली असते, ती दुसऱ्याला पाहायला सांगा. शिलाईची जुनी कापडी टेप ताणून लांब होते आणि घेर कमी दाखवते. स्टीलच्या पट्टीवर एकदा तपासून घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, मग वजनाचा आकडा कितीही बरा दिसो.

मांड्यांची ताकद पाहायला फक्त एक खुर्ची लागते. हात नसलेली, बसायची उंची साधारण ४३ सेंटिमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीवर आडवे घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर झाले असं समजतात. ६५ ते ६९ ला हे आकडे १२ आणि ११. पहिल्यांदा करताना घरातलं कोणीतरी जवळ उभं असू द्या.

ही मांड्यांची गोष्ट एवढ्या आग्रहाने सांगते, कारण काटा इथे फसवतो. निवृत्तीनंतर दोन किलो स्नायू जाऊन दोन किलो चरबी आली तर काटा जागचा हलत नाही. आपण खूश असतो. आणि मग एक दिवस भारतीय बैठकीवरून उठवत नाही, बसची पायरी उंच वाटायला लागते. निवृत्तीनंतर नुसतं कमी खाऊन वजन राखणाऱ्यांचं हेच होतं. चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि या वयात गेलेला स्नायू परत मिळवणं फार कष्टाचं असतं. म्हणून रात्रीचं जेवण सोडणं, फक्त फळांवर राहणं, महिन्यात पाच किलो उतरवणं यातलं काहीही साठीत करू नका. झपाट्याने वजन उतरवताना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

आता ताट. पहिलं काम, पोळ्या मोजून डब्यात काढणं. सगळ्या पोळ्या आधी करून घ्यायच्या, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि दोघांनी एकत्र बसायचं. यात करणारी बाईही वेळेवर जेवते, हा फायदा मला पोळ्यांच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो. भाताची वाटीही एकच ठरवा आणि ती बदलू नका.

दुसरं काम तेलाचं, आणि ते सर्वांत सोपं आहे. एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. माणशी रोज २० ग्रॅम, म्हणजे चार छोटे चमचे धरले तर दोघांना ती पिशवी बावीस-तेवीस दिवस पुरायला हवी. पिशवी फोडली की बरणीवर तारखेची चिठ्ठी लावा. पंधरा दिवसांत संपली तर तेल कुठे जातंय ते शोधा. बहुतेक वेळा फोडणी बरणीतून धार धरून घातलेली असते. चमच्याने घालायला लागलं की तिथेच फरक पडतो. एका छोट्या चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट आणि ओलं खोबरंही भरपूर पडतं, त्यातही तेल आहेच, ते चार चमच्यांच्या बाहेरचं. कूट बंद करू नका, ते चांगलं अन्न आहे; ज्या भाजीत कूट जाईल तिची फोडणी अर्धी करा.

चहाचं गणित लहान दिसतं. कचेरीत चार कप होते, घरी सहा होतात, कारण येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा कप घेतला जातो. कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर, ४० कॅलरी. साखर एकदम बंद केली तर आठवड्यात परत येते. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवयीला येते. गूळ घातल्याने कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. आणि चहाबरोबरची बशी पाहा: मूठभर फरसाण किंवा तळलेला चिवडा ३० ग्रॅम भरतो, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. डबा ओट्यावर असला की हात जातोच. तो वरच्या फळीवर ठेवा आणि ओट्यावर फुटाण्यांची बरणी ठेवा.

प्रथिनांकडे मात्र हात आखडता घेऊ नका. वजनाच्या किलोमागे रोज एक ग्रॅम हे माझं माप. ६५ किलोला ६५ ग्रॅम. आपल्या शाकाहारी घरांत हे भरत नाही आणि का भरत नाही तेही लोकांना कळत नाही, कारण "आमच्याकडे रोज वरण असतं". पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, तिच्यातून साडेतीन ग्रॅम प्रथिनं मिळतात. डाळ कोरडी असताना एकदा वजन करून पाहा, मग डोळ्याला अंदाज येतो. आमचा साधा दिवस असा: सकाळी ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी (१२ ग्रॅम) आणि वाटीभर दही (३). दुपारी दोन पोळ्या (७), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९), ताक (३). संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे (६). रात्री ज्वारीची एक भाकरी (६), ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं (६), पालेभाजी आणि पेलाभर दूध (६). बेरीज साठीच्या जवळ जाते. अंडं खात असाल तर एकात सहा ग्रॅम, मासळी किंवा कोंबडी असेल त्या दिवशी प्रश्नच नाही. सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात ढकलू नका; वय वाढतं तसं स्नायूला प्रत्येक जेवणात पुरेसा पुरवठा लागतो, आणि सकाळचे नुसते पोहे किंवा चहा-बिस्किटं तो देत नाहीत. कडधान्याने पोट गच्च होत असेल तर मोड आणा, शिजवताना हिंग-आलं घाला आणि अर्ध्या वाटीपासून वाढवत न्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारूनच प्रथिनं ठरवा.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं. नोकरीत जे फक्त आषाढी-कार्तिकी करत होते ते निवृत्तीनंतर दर एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार धरतात. श्रद्धेचा भाग आहे, मला त्याचा आदर आहे. पण १०० ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं जवळपास शून्य. वर ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप घातलं की खिचडीची थाळी सहाशेवर जाते. मधुमेह्याची साखर तर उसळतेच. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक, हे पदार्थ उपवासाला चालतातच आणि पोटही धरून ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चालण्याचा उत्साह पहिल्या महिन्यात नको तितका असतो. कोरे बूट येतात, पहिल्याच आठवड्यात सहा-सात किलोमीटर होतात आणि तिसऱ्या आठवड्यात टाच धरते. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती हीच. आधी महिनाभरात तुम्ही जितकं चालत होता तिथून सुरू करा आणि आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवा. आठवड्याला १५० मिनिटं हे किमान, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं तर रक्तातली साखर कमी चढते. दुपारी उन्हामुळे शक्य नसेल तर घरातल्या घरात फेऱ्या घाला. पावलं फोनवर मोजत असाल तर फोन खिशात हवा, टीव्हीजवळ ठेवून मोजणी होत नाही. चालून झाल्यावर टपरीवर सगळे जमतात, ती संगत सोडू नका, निवृत्तांना ती औषधाइतकीच लागते. मात्र तीन किलोमीटरचे शंभर कॅलरी जाळून तीनशेचा वडापाव रोज खाल्ला तर वजन वाढणारच. आठवड्यातला एक वार वडापावचा ठरवा, बाकी दिवशी चहा.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर चालणं बंद पडतं आणि विदर्भात मे महिन्यात. त्याची सोय आधीच करा. पावसाळ्यात इमारतीचा जिना किंवा पार्किंगमधल्या फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर जिना चढा आणि लिफ्टने उतरा, उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात साडेसहाच्या आत घरी परतायला हवं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खाऊन बसावं.

चालण्याने हृदय चांगलं राहतं, पण मांड्या आणि खांदे राखायला वजन उचलावंच लागतं. हे सगळ्यांत जास्त टाळलं जातं. प्राणायामाने मन निवतं, श्वास सुधारतो. स्नायू त्याने वाढत नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, पंचवीस मिनिटं पुरतात. व्यायामशाळेची गरज नाही.

आधी खुर्चीवरून उठणं, दहादा, दोन पाळ्या. बसताना धपकन बसायचं नाही, मनात तीन मोजत खाली जायचं. खरं काम या खाली जाण्यात होतं. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा. मग भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीवर टेकवायचे आणि कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्यायची, परत यायचं, दहादा. ते सोपं वाटू लागलं की भिंतीऐवजी ओट्याची कड धरा. तिसरा प्रकार पिशवीचा: कापडी पिशवीत दोन किलोचं पीठ ठेवा, एक हात टेबलावर टेकून पुढे वाकून उभे राहा आणि दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढा, दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा. पाठ सरळ, कुबड नको. चौथं, ओटा धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा. शेवटी दोन हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरभर एक मिनिट चालणं. तोल राखण्यासाठी भिंतीला बोटं टेकवून एका पायावर वीस-तीस सेकंद उभं राहायचं, हे रोज केलं तरी चालतं.

कुठे चुकतं? लोक वर्षभर तेच दहा, त्याच वजनाने करत राहतात. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. जात नसतील तर भार वाढवायची वेळ झाली. दहाचे बारा, दोनच्या तीन पाळ्या, मग खुर्चीवरून उठताना दोन किलोची पिशवी छातीशी, पुढे पाच किलोची. दुसरी चूक श्वास कोंडण्याची. जोर लावताना श्वास सोडायचा, नाहीतर रक्तदाब झटक्यात चढतो. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ, छातीत दडपण किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. हृदयविकार, हर्निया, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान किंवा काबूत नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर, मग पिशवी.

दुपारची झोप वजन वाढवते असा समज आहे. झोप स्वतः वाढवत नाही, तिच्यामुळे दिवस सरकतो. दोन तास झोपलं की चहा पाचला, त्याबरोबर खाणं, मग जेवण दहाला, झोप बाराला आणि सकाळचं चालणं चुकलं. पलंगावर न पडता आरामखुर्चीत गजर लावून अर्धा तास, तीनच्या आत. रात्रीचं जेवण साडेआठपर्यंत. ही दोन वेळापत्रकं पाळली की बाकीचं बरंचसं आपोआप रांगेत येतं. संध्याकाळी पेय घेणाऱ्यांनी एवढं धरावं: ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये १४० कॅलरी, आणि चकण्याच्या त्याहून जास्त.

एवढं सगळं करूनही वजन चढत असेल तर औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. इन्सुलिन, मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन या गोळ्या, स्टेरॉइड, नैराश्यावरची आणि आकडीवरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नसतात. पण अनेकदा पर्याय असतो. थायरॉइडची तपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि आहार शाकाहारी असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासा, ते कमी असलं की थकवा येतो आणि माणूस हालचालच कमी करतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पायांवर सूज आली, आडवं पडलं की दम लागला, तर ती चरबी नव्हे, पाणी साठतंय. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सरासरी वजन सलग दोन आठवडे दीड किलोने वर राहिलं तर काय कमी करायचं याचा क्रम आम्ही ठरवून ठेवला आहे: आधी संध्याकाळचं खाणं, मग तेल, मग भाताची दुसरी वेळ. डाळ, उसळ, दही, दूध यांना हात लावायचा नाही. तीन-चार आठवडे थांबायचं आणि पुन्हा पाहायचं. कंबर महिन्यातून एकदा, खुर्चीची परीक्षा तीन महिन्यांनी. सरकारी पेन्शनधारकांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो. त्याच आठवड्यात रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), रक्तातल्या चरबीचं प्रमाण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घेतलं की तारीख विसरत नाही. आणि वजन काही न करता उतरत असेल, वर्षभरात ६५ चे साठ झाले असतील, तर कौतुक ऐकून गप्प बसू नका. साठीनंतर कारणाशिवाय घटणारं वजन वाढणाऱ्या वजनापेक्षा लवकर तपासायचं असतं.